गवत आतल्या अंगाला

एरवी भातलावणीच्या दिवसांत मावळातली माणसं एकमेकांशी ओरडून बोलतात, कारण ओढा कुणाचं काही ऐकूच देत नाही. ह्या वर्षी ओढा गप्प झाला होता. पाऊस आला, रोपं हिरवीगार करून गेला आणि लोणावळ्याच्या डोंगरापलीकडे जाऊन बसला तो बसलाच. वर ढग होते, पण नुसते होते. वर्गात मागच्या बाकावर बसून दप्तरसुद्धा न उघडणाऱ्या पोरांसारखे.

खाली खाचरांमधला चिखल वाळून त्याला भेगा पडायला लागल्या होत्या, आणि रोप वाफ्यात उभ्या उभ्या म्हातारं होत होतं. म्हाताऱ्या रोपाची आवणी, म्हणजे लावणी, केली तर त्याला फुटवे येत नाहीत, हे अपेक्षाला पुस्तकात वाचायच्या आधीपासून माहीत होतं.

ओढ्याच्या बंधाऱ्यापासून मातीचा एक पाट निघतो आणि वाडीच्या सगळ्या खाचरांना शिवून जातो. धो धो पावसात त्या पाटाकडे कुणी ढुंकून बघत नाही. पाऊस हटला की मात्र पाळी लागते. एका घराला एक दिवस. आपल्या दिवशी दारं धरायला, म्हणजे पाटाच्या तोंडातून खाचरात येणारं पाणी सांभाळायला, घरचं माणूस नसलं तर पाळी गेली. दुसऱ्याच्या दिवशी कुणी दारं मोडून पाणी पळवलं, तर मोडणाऱ्याची पाळी हंगामभर बंद, आणि ज्याच्या खाचरात ते पाणी गेलं त्याचीही बंद. हे सगळं सांभाळायला वाडीचं एक फावडं आहे. ज्याच्या हातात ते फावडं, तोच दारं उघडणार आणि तोच बुजवणार.

ते फावडं अपेक्षाच्या पप्पांच्या हातात होतं.

ह्याचा अपेक्षाला भारी अभिमान. तिच्या पणजोबांना ह्याच ओढ्यावर पार खालच्या अंगाला, गुरं डुंबतात तिथं पाणी भरावं लागायचं. आणि आता बौद्धवाडीतल्या निवृत्तीने फावडं खांद्यावर टाकून निघायचं, मग वरच्या आळीने आणि खालच्या आळीने मुकाट्याने बांधावर उभं राहायचं. त्या दोन्ही आळ्यांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. पण निवृत्ती खोटं बोलत नाही, ह्यावर दोघांचंही एकमत होतं. शाळेतल्या पट्टीसारखे होते पप्पा. सरळ. वाकवायला गेलं तर मोडणारे.

त्या संध्याकाळी सावित्रामावशी थेट कान्हे गावच्या दवाखान्यातून आल्या, हातात रिकाम्या डब्याची पिशवी, पायांत चपला तशाच. अपेक्षा आईबरोबर वाफ्यात रोप उपटत होती. मावशींचं खाचर पाटाला अगदी लागून. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा नवलाख उंबऱ्याला कंपनीत, कधी दिवसपाळी तर कधी रात्रपाळी.

"निवृत्ती, नात झाली मला," बांधावरूनच त्या म्हणाल्या.

"लय बेस झालं मावशी. दोगी बऱ्या हायेत?"

"बऱ्या हायेत." मावशींनी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. "आज माजी पाळी व्हती."

"व्हती. गेली."

"आरं, म्या काय जत्रेला गेलते का?"

"तसं कोन म्हनतंय. पन मागं अंबाजीआबा भावाच्या मयताला गेलते, तवा त्यांची बी गेली. तुमाला दिली तर त्यांस्नी काय सांगू?"

"मेलेल्याला पानी लागत न्हाई, निवृत्ती. ही आत्ता जल्मलीय."

पप्पांनी फावड्याला चिकटलेला चिखल दगडावर आपटून काढला. आपटण्यासारखा फारसा चिखल नव्हताच. "पुढच्या फेऱ्याला पैली पाळी तुमची," ते म्हणाले.

"पुढच्या फेऱ्यापत्तुर रोप गुरास्नी घालावं लागंल. मग विक्की हायेच. रोज गाडी थांबवून इचारतो, मावशी, खाचर देता का, बंगल्यांच्या रस्त्याला पायजे." विक्की म्हणजे मावशींच्या शेजारच्या खाचरवाल्या बहिरूभाऊंचा पुतण्या. पुण्याच्या लोकांना पांढऱ्या गाडीतून डोंगर दाखवायचा आणि डोंगराच्या पायथ्याची शेतं विकायचा.

मावशी गेल्या.  रोपाची जुडी बांधताना आईने ती इतकी करकचून आवळली की दोनचार काड्या कचकन मोडल्या.

दुसऱ्या दिवशी पाळी बहिरूभाऊंची होती. दिवसभर त्यांच्या खाचरात पाणी चाललं होतं. दिवेलागणीला ते धारा काढायला आणि डेअरीला दूध घालायला घरी गेले, तेव्हा आई विळा घेऊन उठली.

"गवत आनते गं."

अपेक्षा बीजगणित करत होती. दोन गणितं सुटली, तिसरं अडलं, चौथ्याला तिने हात घातला नाही, तरी आई आली नाही. आली तेव्हा काखेत एवढंसं गवत. गाईने ते एका घासात संपवलं आणि मान वर करून आईकडे असं बघितलं की एरवी अपेक्षाला हसूच आलं असतं.

"एवढंच?"

"एवढंच गावलं."

आईचे हात कोपरापर्यंत स्वच्छ धुतलेले होते. गवत कापायला गेलेलं माणूस कोपरापर्यंत हात कशाला धुतं? बांगड्यांच्या मधे मात्र चिखलाची बारीक रेघ राहिली होती. अपेक्षाने ती पाहिली. अपेक्षाने पाहिली हे आईने पाहिलं. मग दोघी भाकरीच्या मागे लागल्या.

सकाळी बहिरूभाऊंचा आवाज बांध ओलांडून आला. त्यांचा पॉवर टिलर अर्ध्या खाचरात रुतला होता, कारण पुढचं अर्धं कोरडं ठाक होतं. आणि शेजारी सावित्रामावशींच्या खाचरात आभाळ उतरलं होतं. सगळं खाचर पाण्याने भरलेलं, त्यात ते निरुद्योगी ढगसुद्धा दिसत होते.

पप्पा निघाले. अपेक्षाचा शाळेच्या टेम्पोकडे जायचा रस्ता तोच, म्हणून ती दप्तर पाठीवर घेऊन मागे. पाटाच्या ओल्या कडेवर बहिरूभाऊंच्या अनवाणी पायांचे ठसे आधीच उमटले होते. ते पुढं टिलरपाशी उभे राहून कुणाला तरी फोनवर झापत होते.

मावशींच्या बाजूला पाट कापलेला होता, आणि नंतर बुजवलेला होता. कसा बुजवलेला? नीट. गवतासकट कापलेली ढेकळं एकावर एक बसवून, वरून तळहाताने थोपटून. वाडीत कुणीही बुजवताना गवत बाहेरच्या अंगाला ठेवतं. इथं गवत आतल्या अंगाला होतं. गवत पाण्याकडे, म्हणजे पाणी प्यायलं की त्याची मुळं माती घट्ट धरतात. हे असं फक्त आई करायची. ती शिरगावची, तिच्या माहेरी तसं करतात. लग्नानंतर घरच्या सगळ्या बांधांवर तिने तेच केलं होतं, आणि त्यांचे बांध कधी फुटायचे नाहीत.

पप्पा उकिडवे बसले. त्यांनी आपला पंजा त्या थोपटलेल्या खुणेवर ठेवला. खूण त्यांच्या हाताखाली पुरती झाकली गेली.



मग पप्पा उठले, आणि टाचेने ती ढेकळं अशी रगडली की गवत कुठलं, माती कुठली, काही कळू नये.

"तू शाळेत जा," मागं न बघता ते म्हणाले.

बहिरूभाऊ आले. त्यांनी रगडलेल्या मातीकडे बघितलं, मग पप्पांच्या चिखलाने भरलेल्या टाचेकडे. "कोन?" एवढंच विचारलं.

"सांज्याला सांगतो. शाळेच्या वट्यावर. समद्यांसमोर."

"सांग. तू सांगशील तेच धरू."

अपेक्षा शाळेत गेली नाही.

दुपारी तिघं आपल्या वाफ्यात रोप उपटत होती. कंबर मोडून आलेली, मुळांची माती बादलीत धुऊन बोटांची कातडी पांढरी पडलेली. त्यांची स्वतःची पाळी मंगळवारी होती. तोवर रोप उपटून, जुड्या बांधून तयार ठेवायचं होतं. वरची दोन खाचरं आधीच्या पावसात लावून झाली होती. खालचं मोठं तेवढं राहिलं होतं. वर्षाचा तांदूळ त्याच खाचरातून घरात यायचा.

भाकरी खायला बसल्यावर पप्पा म्हणाले, "तू दारं का बुजवलंस?"

आईने कांदा बुक्कीने फोडला. "मग काय तसंच वाहू द्यायचं? बहिरूभाऊंचं पानी वाया गेलं आसतं."

"चोरी करतीस आन् दारं नीट बुजवतीस."

"चोरी न्हाई केली मी. पानी उसनं घेतलं. माज्या पाळीतलं देनार व्हते त्यांना."

"तुजी पाळी? पाळी घराची आसती."

"घर माजं न्हाई?"

पप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला.  "मला इचारायचंस."

"इचारलं आसतं तर काय म्हनला आसता?"

पप्पा तांब्याने पाणी प्यायले.

"त्येच," आई म्हणाली. "तुमचा नेम मला ठावं हाये. नेमानं वागनारं मानूस मी नवरा म्हनून आवडीनं केलं. पन परवा ती म्हातारी रिकामा डबा घेऊन उभी व्हती, आन् तुमी फावडं झाडत व्हता. मला ते बघवलं न्हाई."

"आन् आज समदी इचारतील, तवा?"

"सांगा माजं नाव. मी काय भ्याले का?"

"तुजं सांगितलं की मावशीची पाळी बी बंद. नेम तसाच हाये. पानी तिच्याच खाचरात गेलंय."

आईचा हात थांबला. हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. अपेक्षाने तिच्या तोंडाकडे बघितलं. एवढी धीट आई, तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना तिने पहिल्यांदा बघितला.

"पप्पा," अपेक्षा म्हणाली, "माहीत नाही म्हणून सांगा ना. एवढं एकदाच."

"मला म्हाईत हाये," पप्पा म्हणाले. आणि रोपात जाऊन वाकले.

संध्याकाळी वाडीच्या शाळेच्या ओट्यावर माणसं जमली. वरची आळी एका बाजूला, खालची दुसऱ्या. अंबाजीआबा सगळ्यात थोरले, म्हणून त्यांना प्लॅस्टिकची खुर्ची. बाकीचे जमिनीवर. बायका पाण्याच्या टाकीपाशी. अपेक्षा आईला चिकटून उभी होती.

सावित्रामावशींना पुढं बोलावलं.

"मावशी, पानी तुमच्या खाचरात," विक्की म्हणाला. मांडीवर गाडीची किल्ली. "दुसऱ्या कुनाला गरज पडलीय तुमचं खाचर भरायची?"

"पानी माज्या खाचरात आलं, हे खरं हाये," मावशी म्हणाल्या. "म्या आनलं न्हाई, हे बी खरं. म्या सांजच्याला कान्ह्याला डबा घेऊन गेलते. पन आता आलंय, तर ते परत कसं करू? वंजळीनं भरून देऊ का?"

"परत नको. पाळी बंद करा म्हंजे झालं. नेम हाये ना? का नेम मानूस बघून असतो?" हे शेवटचं त्याने पप्पांकडे बघत म्हटलं.

"तू गप," बहिरूभाऊ म्हणाले. "फावडं निवृत्तीच्या हातात हाये. निवृत्ती, बोल. कुनी मोडलं दारं?"

पप्पा उभे राहिले. फावडं समोर टेकवून दोन्ही हात दांड्यावर.  टाकीपाशी आईने पदर खोचला आणि एक पाऊल पुढं टाकलं. तिचं तोंड उघडलेलं अपेक्षाला दिसलं.

"खेकड्यानं," पप्पा म्हणाले.



"पाटाच्या कडंला बीळ व्हतं. पानी आत शिरलं, आन् कड खचली. सकाळी बघितलं मी. रगडून बंद केलं."

"लय शाना खेकडा," विक्की म्हणाला. "नेमका मावशीच्याच अंगाला." चारपाच जण हसले.

बहिरूभाऊ हसले नाहीत.  "तू म्हनतोस?"

"मी म्हनतो."

"मग खेकडा."

झालं. एवढंच. माणसं अंग झाडून उठायला लागली. कुणी उलट विचारलं नाही, कुणी बीळ दाखव म्हटलं नाही. अपेक्षाला वाटलं होतं, सुटल्यावर हलकं वाटेल. पण ते सगळे इतक्या पटकन विश्वास ठेवून मोकळे झाले, की तिला तिथल्या तिथं रडू आलं.

"थांबा," पप्पा म्हणाले. "पाट राखायचं काम माजं व्हतं. बीळ मला दिसायला पायजे व्हतं. बहिरूभाऊंचं पानी माज्या ढिलाईनं गेलं. माजी मंगळवारची पाळी त्यांची. आन् हंगामभर मी पाळी घेनार न्हाई."

"आरं, एका खेकड्यापायी?" अंबाजीआबा खुर्चीतून पुढं सरकले.

पप्पांनी फावडं आबांच्या पायाशी आडवं ठेवलं. "ह्ये बी."

घरी आल्यावर आईने चूल पेटवली नाही. "माज्या तोंडातला शब्द काढून घेतला तुमी," ती म्हणाली. "मी केलं, मी भोगलं आसतं."

"भोगतोच की आता. तिघं मिळून."

"आन् खोटं? ते कोन भोगनार?"

पप्पा अंथरूण न घालताच भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

मंगळवारी त्यांच्या पाळीचं पाणी त्यांच्याच बांधावरून बहिरूभाऊंच्या खाचरात गेलं. तिघं वाफ्यातून ते बघत होती. जुड्या वाट बघून बघून पिवळ्या पडल्या. शेवटी आईने विळा आणला आणि वाफ्यात उरलेलं रोप कापून गाईपुढं टाकलं. गाय खुश. खालच्या खाचराच्या भेगांत अपेक्षाचा अख्खा अंगठा जायला लागला. शेजारी मावशींचं भात मात्र उभं राहिलं. शाळेच्या टेम्पोत पोरं विचारायची, "काय गं, पप्पांचा खेकडा घावला का?" एरवी तिने एकेकाला असा जबाब दिला असता की पुन्हा तोंड उघडायची हिंमत झाली नसती. आता ती खिडकीबाहेर बघायची.

फावडं मात्र कुणाच्याच हातात टिकेना. वरच्या आळीने धरलं की खालची ओरडायची, खालच्याने धरलं की वरची.

पावसाळ्यातला बौद्धांचा वर्षावास सुरू होता. रविवारी बौद्धवाडीतली सगळी माणसं पांढरे कपडे घालून विहारात जमायची. वंदना पप्पाच घ्यायचे, अपेक्षाला कळतं तेव्हापासून. त्यांनी पुढं म्हणायचं, बाकीच्यांनी मागून. त्या रविवारी त्यांनी त्रिशरण घेतलं. पंचशील सुरू केलं. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं.

चौथ्यापाशी पप्पा थांबले.

खोटं न बोलण्याचं शील ते. आधी लोकांना वाटलं, खोकला आला असेल. मग पुढं बसलेल्यांनी डोळे उघडले. पप्पांचे हात जोडलेलेच होते, ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. उदबत्तीची राख गळून पडली. अपेक्षाला वाटलं आपण उठावं, काहीतरी पाडावं, पंखा बंद करावा.

बायकांच्या बाजूने आईचा आवाज आला. जाडाभरडा, वंदनेला कधी पुढं न आलेला. तिने चौथं शील म्हटलं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, एक अक्षर न गाळता. तिच्या मागून सगळ्यांनी म्हटलं. पप्पांनीही. मग पाचवं तिनेच घेतलं.

तिघं बाहेर आली तर रस्त्यापलीकडे बहिरूभाऊ उभे. हातात फावडं.

"जय भीम, निवृत्ती. ह्ये घे. आळ्यांची डोकी फुटायची येळ आलीय."

पप्पांनी हात पुढं केला नाही. "मला न्हाई जमायचं, भाऊ. मी..." ते आईकडे बघून थांबले, मग बहिरूभाऊंकडे वळले. "ते बीळ..."

"बीळ ऱ्हाऊ दे." बहिरूभाऊंनी तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवली. "त्या दिवशी तुज्या आदी म्या गेलतो पाटावर. खेकडा गवत आतल्या अंगाला घालून दारं बुजवत न्हाई, येवडं मला कळतं. माजी आय बी शिरगावचीच व्हती."

 आईने मान खाली घातली नाही. ती बहिरूभाऊंच्या डोळ्यात बघत होती.

"मग तवा का न्हाई बोल्लात?" तिने विचारलं.

"तू पुडं पाऊल टाकलंस, ते बी बघितलं मी. तू बोलली आसतीस, तर नेम मलाच चालवावा लागला आसता. तुजी पाळी बंद, म्हातारीची बंद. आन् विक्कीचा रस्ता चालू." ते पाटाच्या बाजूला थुंकले. "माजं पानी मला मिळालं. ज्यानं खोटं सांगितलं त्यानंच दिलं. मग मी कुनाशी भांडू?"

फावडं अजून पुढंच होतं, आणि पप्पांचे हात अजून अंगाशी. बहिरूभाऊंचा दंड अवघडायला लागलेला दिसत होता.

आईने पुढं होऊन फावडं घेतलं.

"आज कुनाची पाळी?" ती म्हणाली.

"सावित्राबाईची. तिच्यामागं माजी."

आईने पांढऱ्या साडीचे ओचे वर खोचले आणि पाटाची वाट धरली. पप्पा दोन पावलं मागे, त्यांच्यामागे अपेक्षा, सगळ्यात शेवटी बहिरूभाऊ. साडीच्या काठाला पहिल्याच बांधावर चिखल लागला.

मावशींच्या खाचराच्या दाऱ्यापाशी कुणी नव्हतं. वाडीकडून लहान पोरीच्या रडण्याचा आवाज येत होता, आणि मावशींचा, तिला उगी करतानाचा.

आईने पप्पांकडे बघितलं. पप्पांनी बहिरूभाऊंकडे. बहिरूभाऊ बांधावर बसले, धोतर गुडघ्यावर ओढून.

"येऊ दे तिला," ते म्हणाले.

आईने फावडं पाटाच्या कडेला टेकवलं, आणि सगळे मावशींची वाट बघत थांबले.